सारख्या कवट्या

थंडी पडली. मेहरूणच्या आमच्या गल्लीत दारोदार वांगी भाजायला लागली. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यात हिरवी मोठाली वांगी टाकायची, साल करपून उकललं की बाहेर काढायची. त्या वासानं माणसाची भूक जागी होते म्हणतात. माझं डोकं फिरतं. मी दार लावून घेतो. शेजारीण ताटलीत भरीत आणते, कडी वाजवते, 'आबा, घ्या, गरम आहे,' म्हणते. मी घेतो. तिचा काय दोष. पण तोंडात घास घातला की मला दुसराच वास येतो, आणि घास उतरत नाही.

तो दुसरा वास म्हणजे उंदरांची डोकी उकळण्याचा. एका हिवाळ्यात तो आमच्या अंगणात दोन-अडीच महिने मुक्कामाला होता. गल्लीत नुकताच एका घरी टीव्ही आला होता आणि रविवारी सगळी गल्ली त्या घरात घुसायची, त्या सुमाराला. अंगणात तीन दगडांची चूल, चुलीवर जर्मनचं जुनं भगोनं, भगोन्यात पाणी, पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा आणि पंधरा-वीस डोकी. चुलीपुढं पाटावर द्वारका, माझी बायको, पदर नाकाला लावून. लांबून आला तर तो वास मटणासारखा वाटतो. कोपऱ्यावरचा टेलर एकदा फाटकापाशी थांबला आणि आशेनं म्हणाला, 'वहिनी, आज काय बेत?' द्वारकानं पळी वर उचलली. पळीत चार डोकी, दात विचकलेली. टेलर महिनाभर आमच्या दारावरनं गेला नाही. ती इतकी हसली की भगोनं उतू गेलं आणि चूल विझली.

द्वारका गेल्या भादव्यात गेली. काविळीनं, अकरा दिवसांत.

तेराव्याला माझा धाकटा भाऊ नाना एरंडोलहून आला. जेवणं झाली, माणसं पानसुपारीला बसली, आणि नानानं त्या हिवाळ्याची गोष्ट काढली. 'आमची वहिनी म्हणजे काय सांगू,' म्हणाला. 'प्रोफेसरनं उंदरांच्या कवट्या साफ करायला दिल्या, तर हिनं त्या बियाण्यासारख्या निवडल्या. प्रोफेसरची सगळी मेहनत उकिरड्यावर.' माणसं हसली. तेराव्याला माणसं हसतात, त्यात वावगं काही नाही, किती वेळ मान खाली घालून बसणार. पण ती हसली माझ्या मेलेल्या बायकोच्या अडाणीपणाला, आणि तो अडाणीपणा तिचा नव्हता. निवडायला तिला मी सांगितलं होतं. बोल तिला लागला. मी तिथंच बसलो होतो, हातात सुपारीचं खांड, आणि गप्प राहिलो.

माणूस मेलं की त्याच्या दोन-चारच गोष्टी मागं उरतात. पुढं त्यातलीही एकच उरते. द्वारकाची ही उरणार असेल, तर मला राग का येतो ते कुणी विचारू नये.

मी तेव्हा इथंच, जळगावात, एका कॉलेजात होतो. प्राणिशास्त्राच्या लॅबचा शिपाई. शिक्षण चौथी. बरण्या पुसायच्या, बेडूक आणायचे, पोरांनी कापून टाकलेलं उचलायचं. तिथल्या एका सरांनी त्या हिवाळ्यात उंदरांचं काम काढलं. त्यांचं नाव मी घेत नाही. घेऊन काय उपयोग, ते पुढं कळेल. त्यांना एकाच जातीचा उंदीर पाहिजे होता. रानातला, मागचे पाय लांब, उड्या मारत पळणारा, शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा. वरच्या दोन पिवळ्या दातांवर सुईनं ओढल्यासारखी उभी रेघ असते, त्यावरनं तो ओळखायचा. साठ कवट्या यावलकडच्या, केळीच्या बागांच्या बांधावरच्या. साठ धुळ्याच्या बाजूच्या, शिंदखेड्याकडच्या कोरड्या माळावरच्या. कशासाठी, ते सरांनी सांगितलं नाही. मी विचारलं होतं. 'तुला काय करायचंय? चांगल्या कवट्या आण म्हणजे झालं,' असं म्हणाले.

चांगल्या. एवढा एक शब्द मी घरी घेऊन आलो. त्यांनी दुसरा शब्द दिला असता तर मी तो आणला असता.

तो हिवाळा मला डोळे मिटले की दिसतो. यावलला एसटीतून उतरलं की हाडं गारठायची. केळीची पानं थंडीनं पिवळी पडून फाटलेली, त्यावरचं पाणी टपटप मानेवर पडायचं. मागं सातपुडा, निळा, जवळ असल्यासारखा. बांधावर पिंजरे लावायचे, भाकरीच्या तुकड्याला गोडेतेल चोळून. तिथली माती काळी, ओली, हातात घेतली तर लाडू वळावा. आणि शिंदखेड्याकडं गेलं की सगळं उलटं. ज्वारी कापून नेलेली, धसकटं पायात घुसायची, बाभळीची सावलीसुद्धा काटेरी. तिकडं द्वारकाचं माहेर, म्हणून ती बरोबर यायची. पिंजऱ्याला ती हसायची. ती बिळं बघत फिरायची. तोंडाशी कोळ्याचं जाळं असलं की पुढं चालायची. जाळं नसलं आणि माती ताजी उकरलेली असली की तिथं बसायची आणि म्हणायची, 'खंदा आठे.' म्हणजे इथं खणा. मी खणायचो. आत उंदीर असायचाच. एकदा नव्हता, तर तीन दिवस तिनं ते मनाला लावून घेतलं.

उंदीर हातात आला की त्याच्या पायाला पत्र्याचा बारका तुकडा बांधायचा, त्यावर खिळ्यानं ठोकलेला नंबर. डोकं वेगळं केलं की तो तुकडा डोक्याला. उकळताना पण तो तसाच. डोकं उकळायचं म्हणजे भाताकडं बघावं तसं लक्ष पाहिजे. कमी झालं तर मांस सुटत नाही, जास्त झालं तर दात गळतात आणि माथ्यावरची शिवण उसवते. उंदराच्या माथ्यावर शिवण असते, आपल्या टाळूला असते तशी. कोवळ्याची सैल, म्हाताऱ्याची पार जुळून गेलेली. मागच्या भोकातून वाकवलेली तार घालून मेंदू काढायचा, पाण्यानं खळबळायचं, मग सुपात घालून उन्हात. राहिलेलं काम मुंग्या करायच्या. कावळ्यावर लक्ष ठेवायला मंगला, आमची मुलगी, शाळेतनं आली की काठी घेऊन बसायची आणि कुरकुरायची.

लॅबमध्ये बरणीतल्या उंदरांकडं बघून मला सगळे एकसारखे वाटायचे. सुपात उन्हाला टाकल्यावर कळलं की एकासारखा दुसरा नाही. एकाचं नाकाड लांब, एकाचं बसकं. एकाची गालफडाची कमान रुंद, दुसऱ्याची चिपाड. एकाचा दात भांडणात मोडलेला आणि समोरचा वाढून वाढून आत वळलेला. एकाचं नाक कधीतरी मोडलं होतं, ते वाकडं भरून आलं होतं, आणि तशा वाकड्या तोंडानं तो म्हातारा होईपर्यंत जगला होता. द्वारका तो हातात घेऊन बराच वेळ बसली. म्हणाली, 'याले कितलं दुखनं व्हई.' याला किती दुखलं असेल. असलं सरांच्या वहीत कुठं लिहायची सोय नव्हती.

आणि तिनंच ते शोधलं. कानाच्या मागं कवटीला खालून हाडाचा एक फुगा असतो, दोन्ही बाजूंना, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पोकळ. ती अंगठा फिरवत होती त्यावरनं. मला हाक मारली.

'आठे हात लावा,' म्हणाली. 'मना माहेरना उंदरंसना फुगा मोठा शे. यावलनासना बारीक.'

मी म्हटलं, असेल तुझ्या माहेरच्या एखाद्याचा मोठा. तर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, द्या एकेक. मी दोन्ही ढिगातल्या मिसळून देत गेलो. अंगठा फिरवायची आणि सांगायची, यावल. यावल. माहेर. यावल. दहात आठ वेळा बरोबर, कधी नऊ. मी पत्रा बघायचो आणि तोंड बंद ठेवायचो. कसं काय, असं विचारलं तर म्हणाली, 'माळवर लपाले काय शे? दूरतीन आयकू येवालेच पाहिजे.' उघड्या माळावर घुबड, साप लांबून ऐकू आला तरच उंदीर वाचणार. केळीच्या बागेत लपायला जागाच जागा. एवढं तिनं चुलीपुढं बसून, हातातली कवटी पुसता पुसता सांगितलं.

आणि मी काय केलं. मी घाबरलो. सरांनी चांगल्या कवट्या सांगितल्यात आणि ही सांगते दोन ढीग वेगळेच आहेत. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं पकडून आणलं. एकाच जातीचे सांगितले आणि दोन जातींचे आणले, असं म्हणून सर मला हाकलतील. मी तिला म्हटलं, सारख्या कर.

'पन त्या सारख्या नहीत ना,' ती म्हणाली.

'बियाण्याले कणसं निवडस ना तू? तश्या निवड.'

आता आमच्याकडं बियाणं कसं निवडायचे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर कळायचं नाही. ज्वारी खळ्यात आली की बडवायच्या आधी घरातली जाणती बाई कणसांपुढं बसते. लहान कणीस बाजूला. फार मोठंही बाजूला, कारण ते लहरी निघतं. वाकडं, विरळ, रंगानं वेगळं, सगळं बाजूला. मधली, भरलेली, एका आईची लेकरं वाटावीत अशी तेवढी उरतात, ती जुडी करून आढ्याला टांगायची. त्यानं वाण बिघडत नाही. द्वारका माहेरी असल्यापासनं हे काम करायची. शेजारची गावं तिला बोलवायची. तिच्या निवडीत खोट नसायची.

तिनं मांडीवर सूप घेतलं. माहेरच्या ढिगातनं मोठ्या फुग्याच्या काढल्या. यावलच्यातनं अगदी बारीक फुग्याच्या काढल्या. वाकडा, दात वळलेला, म्हातारा, कोवळा, सगळे काढले. कमी पडल्या तशा मी आणखी उंदीर धरून आणले, तिनं आणखी निवडल्या. शेवटी दोन्ही ढीग असे झाले की तिचा अंगठासुद्धा फसला असता. काढलेल्या सगळ्या उकिरड्यात गेल्या. मी खूश होतो. इतका मूर्ख मी आयुष्यात पुन्हा झालो नाही.

माघात सरांनी मोजायला घेतलं. हातात ते मोजायचं लोखंडी यंत्र, आठ दिवस मान वर नाही. नवव्या दिवशी मला बोलावलं. पुढं वही उघडी.

'सोळा नंबर कुठंय? एकोणीस? तेवीस ते सत्तावीस कुठं गेले?'

मी वही बघितली. पत्र्यावरचे नंबर सलग पाहिजे होते, आणि जे आम्ही फेकले त्यांचे नंबर त्यांच्याबरोबर फेकले गेले होते. हे मला त्या क्षणी समजलं. आणि माझ्या तोंडातनं जे निघालं ते असं होतं: 'सर, साफ घरी होतात. बायको करते. बाईला काय कळतं. तिनं निवडल्या असतील.'

द्वारका बाहेर व्हरांड्यात उभी होती. त्याच दिवशी शेवटचं खोकं घेऊन आली होती. सरांनी तिला आत बोलावलं. लॅबमध्ये दोन नवे मास्तर होते, दहा-बारा पोरं होती.

'मला काय बियाणं पेरायचं होतं का, बाई?' सर म्हणाले. 'मला फरक पाहिजे होता, फरक. वेड्यावाकड्या जेवढ्या निघाल्या तेवढ्या पाहिजे होत्या. यावलचा उंदीर आणि शिंदखेड्याचा उंदीर वेगळे पडलेत का, एवढंच तर बघायचं होतं मला. तू सगळे एका मापाचे करून आणलेस.'

पोरं हसली. एक मास्तर पण हसला.

तिला तोंड उघडायला एवढंसं निमित्त पुरलं असतं. अंगठा फिरवून सांगितलं असतं तिनं, साहेब, वेगळे पडलेत, फुगा मोठा झालाय माळावर. ज्यासाठी सर हिवाळाभर खपले ते उत्तर त्यांच्या टेबलापुढं खोकं धरून उभं होतं, आणि ते त्याला झापत होते. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी फरशीकडं बघत होतो. ती म्हणाली, 'चुकी मनी शे, साहेब.' चूक माझी. खोकं टेबलावर ठेवलं, पदर नीट केला आणि गेली.

घरी जाताना रस्त्यात मी तिला गाठलं. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. मी तयारी करून ठेवली होती, काय काय बोलायचं त्याची. ती इतकंच म्हणाली, 'तुमी बोलतात ते नोकरी जाती. मनं काय जास?'

तुम्ही बोलला असता तर नोकरी गेली असती, माझं काय जातं. हे ती पुन्हा कधी बोलली नाही. आम्ही त्यानंतर कितीतरी वर्षं एका घरात राहिलो, जेवलो, मंगलाचं लग्न केलं, आजारपणं काढली. त्या विषयाचा शब्द तिनं काढला नाही. पण दुसऱ्या वर्षी माहेराहून सांगावा आला, कणसं निवडायला ये म्हणून, तर ती गेली नाही. म्हणाली, मला दिसत नाही आता नीट. तिला चांगलं दिसत होतं. सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवायची. तिचं काय गेलं ते मला त्याच वर्षी दिसलं होतं. मी न दिसल्यासारखं केलं.

यंदा थंडी सुरू झाली तसं मी ठरवलं, सरांना गाठायचं. ते रिटायर झालेत, सकाळी मेहरूणच्या तलावावर फिरायला येतात, असं ऐकलं होतं. चार दिवस जाऊन बसलो. पाचव्या दिवशी आले. कानटोपी, मफलर, हातात काठी. मी पुढं झालो. त्यांनी मला ओळखलं, तेवढं मान्य करतो. लॅबचं विचारलं, पेन्शनचं विचारलं.

मी म्हटलं, 'सर, त्या कवट्या मी निवडायला लावल्या होत्या. बायकोचा दोष नव्हता.'

'कोणत्या कवट्या?'

मी सांगितलं. यावल, शिंदखेडा, साठ-साठ.

'हां हां, ते उंदरांचं,' म्हणाले. 'ते मी सोडलं रे नंतर. माशांचं काम घेतलं. ते छान झालं.'

'तुम्ही तिला बोलला होता. सगळ्यांपुढं.'

'कुणाला?'

'माझ्या बायकोला.'

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, मनापासनं केला. 'नाही बुवा आठवत,' म्हणाले. 'कशी आहे ती?'

'गेली.'

'अरेरे.'

मग मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. डोळे मिटून ती कशी ओळखायची, फुगा मोठा, फुगा बारीक, आणि माळावरच्या ऐकण्याचं. सर चालायचे थांबले. 'काय सांगतोस?' म्हणाले. 'बरोबर आहे की. अगदी बरोबर आहे. मग तेव्हाच सांगायचं ना.'

आणि काठी टेकत पुढं गेले. मी तलावाच्या कट्ट्यावर बसून राहिलो. इतकी वर्षं ज्या माणसाचं बोलणं आमच्या घरात तुसासारखं रुतून होतं, त्याच्या अंगाला त्याचं कुसळसुद्धा लागलेलं नव्हतं. शिव्या द्याव्या वाटल्या. 'तुला काय करायचंय' म्हणणारा हाच, आणि 'तेव्हाच सांगायचं ना' म्हणणाराही हाच. पण शेवटचं जे तो बोलला ते खरं होतं, म्हणून शिवी तोंडातच राहिली.

राहिला नाना. संक्रांतीला त्यानं एरंडोलला बोलावलं. एकटा काय करतोस घरी, ये. गेलो. घर माणसांनी भरलेलं, मंगला पण आली होती. तिळगूळ झाला, आणि नानानं नव्या व्याह्यापुढं गोष्ट सुरू केली. 'आमची वहिनी, काय सांगू...'

मी म्हटलं, 'थांब.'

तो थांबला. मी सगळं सांगितलं. मोठ्यानं, उभं राहून. निवडायला मी लावलं. तिनं फरक ओळखला होता, मी तिला गप्प केलं. सरांपुढं मी तिच्यावर ढकललं. आणि तुम्ही हसता. तिच्या तेराव्याला हसलात. लाज नाही वाटत, भावजय होती तुझी, तुला आईसारखं जेवू घातलं तिनं. मी असंच बरंच बोललो. मंगला रडायला लागली. व्याही खाली बघत होता.

नाना चिडला नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'पन भाऊ, हाई गोठ आमले तूच सांगेल व्हती.'

मी म्हटलं, खोटं. ही गोष्ट मी कशाला सांगेन.

'मना लगीनमा,' तो म्हणाला. 'त्याच वर्षी. पंगतमा.'

मला आठवलं. नानाच्या लग्नात, त्याच उन्हाळ्यात, आमच्या दारच्या मांडवात वरणबट्टीची पंगत बसली होती. पावणे होते, कॉलेजातल्या नोकरीचं कुणीतरी विचारलं, आणि मी रंगात आलो. सरांचा आवाज काढला. 'मला काय बियाणं पेरायचं होतं का, बाई?' अख्खी पंगत हसली. मग तिचाही आवाज काढला, 'चुकी मनी शे, साहेब.' आणखी हसले. घरच्या बाया वाढत होत्या. द्वारका बट्ट्यांची पाटी घेऊन त्याच रांगेत होती, माझ्यापासनं तीन पानं अलीकडं. ती हसली नाही, थांबलीही नाही. एकेक पान करत माझ्यापाशी आली, माझ्या पानात दोन बट्ट्या ठेवल्या, त्या माझ्यासाठी मोडून त्यावर तूप सोडलं, आणि पुढच्या माणसाला वाढायला गेली.